पहारेकरी आणि रसद

आमच्या आपांचा मूत्रपिंडाचा कर्करोग फुफ्फुसापर्यंत पोचला, तेव्हा डॉक्टरांनी दोन औषधे एकत्र सुचवली. एक सलाईनमधून, दुसरी गोळी. आपांनी विचारले, "एकाने भागत नाही का?" मी पडलो कवितेचा माणूस. उत्तर समजून घ्यायला मला काही दिवस लागले.

रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांना पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये तो शोधला. २०१८ चे नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह मिळाले. कर्करोग हाच ब्रेक दाबून धरतो. पेम्ब्रोलिझुमॅब तो सोडवते.

पण पहारेकरी चोरापर्यंत पोचायला हवा ना! मूत्रपिंडातली गाठ बहुधा व्हीईजीएफ हे प्रथिन सोडून वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढवते. त्यातून तिला रसद मिळते, टी-पेशींची वाट मात्र अडते. ॲक्सिटिनिबची गोळी या प्रथिनाचा निरोप पोचू देत नाही. एक औषध हात सोडवते, दुसरे रसद तोडून वाट मोकळी करते.

२०१९ मध्ये ८६१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभराने या जोडीवरचे सुमारे ९० टक्के रुग्ण हयात होते. सुनिटिनिब या आधीच्या गोळीवरचे ७८ टक्के.

मात्र या जोडीने यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून रक्त वरचेवर तपासावे लागते. हे सांगितले तेव्हा आपा हसल्या. म्हणाल्या, "दोघांचा संसार म्हटला की लक्ष ठेवावंच लागतं!"