खडकावरचा तो मऊ गोळा कोणाचा?

मुंबईला गेलात, तर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जुहूच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर जरूर उतरा. वाळू, शिंपल्यांचे तुकडे चिकटलेला मऊ गोळा दिसेल. तो समुद्रफूल नावाचा प्राणी. पाणी ओसरलं, की तोंडाभोवतीची शुंडकं आत घेऊन तो बटव्याची नाडी ओढावी तसा वरचा स्नायू आवळतो. ओलावा आत टिकतो, अंगाला चिकटलेली वाळू ऊन अडवते.

ओळखताना रंगावर विसंबू नका. एकाच जातीत तो हिरवा, तपकिरी, जांभळाही असतो. पाण्याच्या खळग्यात उमललेला शोधा. शुंडकं आठच आणि झालरदार असली, तर ते मऊ प्रवाळ. खाली चुनखडीचा सांगाडा असला, तर कठीण प्रवाळ. बुडाशी शेजाऱ्यांना जोडलेली दाट वसाहत असली, तर झोअँथिड. हाजी अलीला ते पुष्कळ. समुद्रफूल मात्र स्वतंत्र, बहुधा बुडाच्या चकतीनं खडक धरून बसलेलं. जात ठरवायला शुंडकांबरोबरच खोडासारख्या धडाचाही फोटो लागतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे स्वयंसेवक २०१७पासून किनाऱ्यावरच्या जिवांच्या अशा नोंदी मनापासून करत आले आहेत.

हात मात्र लावू नका. शुंडकांत सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श होताच विषारी धागा बाहेर झेपावतो.