परभाषेची वाट स्वभाषेच्या अंगणातून

पानिपत शहरापासून काही किलोमीटरांवर काला अंब नावाचे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात झालेल्या घनघोर संग्रामाची ही भूमी. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते. रणांगणावर सांडलेल्या रक्ताने ते काळवंडले, अशी लोकांची समजूत असून त्यावरूनच या स्थळास हे नाव पडले. झाड केव्हाच गेले. त्या जागी आज स्मारकस्तंभ उभा आहे. दिल्लीस आलेला मराठी माणूस सवड काढून येथे येतो, स्तंभापुढे मस्तक नमवितो आणि परततो.

परंतु रणभूमीच्या आसपासही माणसे राहतात, आणि त्यांना मुलेबाळे असतात. सभोवार गव्हाची व भाताची शेते आहेत; जवळच सतरंज्या, पडदे नि कांबळी यांसाठी प्रसिद्ध असलेले पानिपत शहर आहे. देशोदेशींचे जुने लोकरी कपडे येथे येतात, त्यांच्या चिंध्या होतात, आणि त्यांतून पुन्हा सूत निघते. या कामासाठी उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल येथून कामगारांची कुटुंबे आली आहेत. अशा कुटुंबातील मूल घरात भोजपुरी किंवा बंगाली बोलते, गल्लीत हरियाणवी ऐकते आणि शाळेत हिंदी वाचते. त्यातच चौथी भाषा म्हणून इंग्रजी त्याच्यापुढे येऊन उभी राहते.

पानिपत जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांत आठवड्याची एक सकाळ समाजासाठी द्यावी, असा विचार मनात येतो. ‘आपल्याला इंग्रजी चांगले येते, खेड्यातील गरीब मुलांना तेच शिकवू या’, हा त्यातील अगदी पहिला संकल्प. संकल्प स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि तो पार कसा पाडावा, याचा विचार आधी झालेला बरा. कारण येथे पणास लागतो तो दुसऱ्याच्या मुलाचा आत्मविश्वास.

वाचता येणे आणि समजणे

इंग्रजी ही आता केवळ हौसेची गोष्ट राहिलेली नाही. औषधाच्या बाटलीवरील सूचना, यंत्रावरील खुणा, नोकरीचा अर्ज, महाविद्यालयातील पुस्तके, ही सारी इंग्रजीच्या आधाराने चालतात. महाराष्ट्राने २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केली, ती पालकांची हीच निकड ओळखून. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळेचा दरवाजा कायद्याने खुला झाला. प्रश्न आहे तो दरवाज्याच्या आत काय पदरात पडते याचा.

‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीने २०२३ साली २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागात चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची वाचनक्षमता तपासली. शंभरांपैकी सुमारे सत्तावन्न जणांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. परंतु वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांशांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे समजून वाचणारे शंभरात बेचाळीसच्या आसपास. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा स्वतःच्या प्रादेशिक भाषेतही अडखळल्यावाचून वाचता आला नाही. ज्याचा पाया स्वभाषेतच कच्चा, त्याच्यावर परभाषेचा मजला चढविला तर तो किती टिकणार?

पानिपतचाच एक दाखला

या प्रश्नाचे एक उत्तर पानिपतच्याच मातीत सापडते. उर्दूचे थोर कवी व समीक्षक ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म १८३७ साली पानिपतला झाला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. लाहोर येथील सरकारी पुस्तक भांडारात त्यांना काम मिळाले, ते इंग्रजीतून उर्दूत झालेल्या भाषांतरांची भाषा सुधारण्याचे. ही भाषांतरे तपासता तपासता इंग्रजी वाङ्मयातील विचारांशी त्यांचा परिचय झाला, आणि उर्दू कवितेकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलली. पुढे उर्दू समीक्षेस त्यांनी जे नवे वळण दिले, त्याचे मूळ या परिचयात आहे. ज्ञान परभाषेतले होते; ते मनात उतरले मात्र स्वभाषेच्या वाटेने.

आपल्याकडील उदाहरण तर सर्वांस ठाऊक असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहान असताना त्यांचे वडील रामजी सकपाळ यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्याकडून घरी कसून करवून घेतली. मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवावे आणि दोहोंची रचना न्याहाळावी, ही त्या पाठमालेची रीत. शाळेत ज्याला इतरांपासून दूर बसावे लागत होते, त्या मुलाच्या इंग्रजीची पायाभरणी अशी मराठीच्या हाताला धरून झाली.

फलटणच्या बाईंची शाळा

परंतु खेड्यातील वंचित मुलांना शिकवू इच्छिणाऱ्याने ज्यांचे काम मुद्दाम अभ्यासावे, त्या म्हणजे मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेत जन्मलेल्या या विदुषी १९६१ साली भारतात आल्या, त्या हैदराबादेत इंग्रजी शिकविण्याच्या निमित्ताने. इंग्रजी त्यांची मातृभाषा. तेव्हा तीच आयुष्यभर शिकवीत राहणे त्यांना सर्वांत सोपे होते. त्यांनी वेगळे केले. त्या स्वतः मराठी शिकल्या, सातारा जिल्ह्यातील फलटण गावी येऊन राहिल्या, तेथील लोकांच्या बोलीवर त्यांनी भाषाशास्त्राचा प्रबंध लिहिला आणि पुढे भारताचे नागरिकत्व पत्करले.

शाळेत मागे पडणारी दलित व गरीब वस्तीतील मुले त्यांनी जवळून पाहिली. या मुलांची बुद्धी मंद नव्हती. घरची बोली एक आणि पुस्तकातील भाषा दुसरी, अशी त्यांची कुचंबणा होत होती. म्हणून बाईंनी आधी हाती घेतले ते मराठी वाचन व लेखन. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि तिच्या विद्यमाने कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. मूल जे बोलते, जे अनुभवते, त्याला वर्गात मान द्यावयाचा. त्याने अक्षर, शब्द आणि अर्थ ही तिन्ही बरोबरच शिकावीत, हे तेथील कामाचे सूत्र. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा, त्यांनी गरीब मुलांसाठी मराठीचा आग्रह धरावा, यात इंग्रजीचा द्वेष नव्हता. पहिली पायरी गाळून दुसरीवर पाय ठेवता येत नाही, एवढेच त्यांनी जाणले होते.

याच फलटणचे दिल्लीशी एक नवे नातेही जडले. शिक्षणशास्त्रज्ञ सुगाता मित्र यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसविला आणि मुलांना तो मोकळेपणी हाताळू दिला. मुले आपसांत विचारीत, चुकत, सुधारीत तो चालवू लागली. दहा वर्षांनी, २००९ साली, त्यांनी इंग्लंडमधील लोकांना आवाहन केले: आठवड्यातून एक तास संगणकाच्या पडद्यावरून भारतातील मुलांशी बोला. पुढे आलेल्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ होत्या, म्हणून या उपक्रमास आजीबाईंच्या नावानेच ओळखू लागले. पुढे कालकाजीतील मुलींच्या शाळेत आणि फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत यासाठी खास खोल्या सिद्ध झाल्या. या आज्या व्याकरण घोकून घेत नसत. त्या गोष्ट वाचीत, चित्र दाखवीत, मुलांना प्रश्न विचारीत आणि नातवाचे कौतुक करावे तसे ‘अरे वा, हे तुला कसे जमले?’ असे कौतुकाने म्हणत. शिकविणाऱ्याने मुलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकावे, हाच या उपक्रमाचा प्राण.

जाण्यापूर्वी काय ध्यानात घ्यावे?

या अनुभवांवरून काला अंबच्या परिसरात, किंवा आपल्या शहरालगतच्या कोणत्याही खेड्यात, शिकविण्यास जाणाऱ्या बंधुभगिनींना काही व्यवहार्य गोष्टी सांगता येतील.

पहिली गोष्ट मुलांच्या बोलीची. हिंदीत जेथे ‘है’ येते तेथे हरियाणवी मूल ‘सै’ म्हणते. या ‘सै’ला एकदा जरी हसू आले, तरी ते मूल त्या तासाला पुन्हा तोंड उघडणार नाही; आणि जे तोंडच उघडत नाही, त्याला कोणतीच भाषा शिकविता येत नाही. हरियाणातील रोड समाजाचे पुष्कळ लोक आपले मूळ पानिपतच्या मराठ्यांत असल्याचे सांगतात. पण त्यांच्या घरातही आज हरियाणवीच बोलली जाते. माणूस ज्यांच्यात राहतो त्यांची भाषा त्याची होते. तेव्हा शिकविणाऱ्याने आधी मुलांकडून त्यांचे दहा शब्द शिकून घ्यावेत. आपल्यासारखी मोठी बाईही चुकते आणि चुकल्यावर हसते, हे मुलांना दिसले की त्यांची भीती निम्मी ओसरते.

दुसरी गोष्ट आरंभाची. पहिल्याच दिवशी सव्वीस अक्षरे फळ्यावर लिहू नयेत. मुलांना इंग्रजी शब्द आधीच ठाऊक असतात: मशीन, बस, टायर, मोबाइल, शिफ्ट, डॉक्टर. ते त्यांच्याकडूनच वदवून घ्यावेत आणि मग लिहून दाखवावेत. आपल्याला काहीच येत नाही, ही समजूत तेथेच गळून पडते.

तिसरी गोष्ट वाक्यरचनेची. विणकराची मुलगी म्हणते, ‘बापू दरी बुणै सै.’ तिच्या वाक्यात विणण्याची क्रिया शेवटी येते. इंग्रजीत ती ‘बापू’ आणि ‘दरी’ यांच्या मध्ये जाऊन बसते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, इंग्रज मनुष्य ‘वर’ हा शब्द टेबलाच्या आधी ठेवतो. तीन मुलांच्या हाती तीन शब्दांच्या चिठ्ठ्या देऊन त्यांना जागा बदलावयास लावले, तर हा फरक खेळता खेळता उमगतो. देवनागरीत जसे लिहावे तसे वाचावे. इंग्रजीत मात्र एकच अक्षर ‘पुट’मध्ये एक आणि ‘बट’मध्ये दुसराच उच्चार धारण करते. हा दोष त्या भाषेचा आहे, वाचणाऱ्याचा नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. आणि वाचलेल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यांनी आपल्या बोलीत सांगितल्याखेरीज पुढे जाऊ नये.

चौथी गोष्ट मुलींची. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा आरंभ २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथूनच झाला. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३४ मुली आढळल्या होत्या, ही त्यामागील चिंता. मुलगी शिकावयास येते तेव्हा पुष्कळदा तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. त्या भावंडासाठी एक चटई अंथरून ठेवली, तर ती तासभर बसू शकते. वेळ तिच्या घरकामाच्या सवडीने ठरवावी. वर्ग उघड्या, सर्वांना दिसेल अशा जागी भरवावा, गावातील एखादी जाणती बाई सोबत असावी आणि आईबापांच्या संमतीवाचून मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत.

पाचवी गोष्ट शाळेची. गावातील शिक्षकास न भेटता परस्पर वर्ग उघडणे योग्य नव्हे. पुस्तकात कोणता धडा चालू आहे, कोणते मूल कोठे अडते, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? आपण त्याच्या मदतीस आलो आहोत, ही भावना ठेवली तर आपल्यामागेही काम चालू राहील.

सर्वांत कठीण गोष्ट

वरील साऱ्या गोष्टी थोड्या सरावाने जमतात. कठीण आहे ते नेमाने जाणे. आरंभीच्या उत्साहात चार रविवार जातात. पाचव्या रविवारी लग्न निघते, सहाव्याला धुके दाट असते, सातव्याला मुलाची परीक्षा जवळ येते. आपल्या लेखी ही किरकोळ अडचण असते. ओसरीवर पाटी घेऊन वाट पाहणाऱ्या मुलाला मात्र त्यातून एकच अर्थ कळतो: आपल्याला दिलेला शब्द पाळावा, एवढे आपले महत्त्व नाही. मजुरीसाठी गावोगाव फिरलेल्या कुटुंबातील मुलाने असे तुटलेले शब्द आधीच पुष्कळ पाहिलेले असतात. त्यांत आपल्या हातून भर पडणार असेल, तर न गेलेले बरे.

म्हणून जेवढे झेपेल तेवढेच पत्करावे. आठवड्यास एकच तास, पण तो वर्षभर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. दोन-तीन कुटुंबांनी मिळून पाळी लावली तर एकाची अडचण दुसरा निभावून नेतो. येणे थांबवावयाचे असेल तर ते महिनाभर आधी मुलांना सांगावे आणि त्यांच्या वह्या पुढील व्यक्तीच्या हाती स्वतः सोपवाव्यात.

वर्षाच्या शेवटी मुलांना किती इंग्रजी आले, याची मोजदाद परीक्षेने होईलच. पण एक साधी कसोटीही आहे. घरी आलेल्या औषधाच्या पुडीवरचे दोन शब्द मुलीने वाचावेत आणि त्यांचा अर्थ आपल्या बोलीत आईला समजावून सांगावा. त्या दिवशी तिच्या दोन्ही भाषा तिच्या कामास आल्या, असे समजावे. काला अंबला वंदन करण्यासाठी जाणाऱ्या मराठी माणसाने परतताना आसपासच्या एखाद्या शाळेत डोकावून, ‘आमचा येथे काही उपयोग होईल का?’ एवढे विचारावे. विचारताना वर्षभर येण्याची तयारी मात्र मनाशी केलेली असावी.