बिलाआधीचे दोन महिने



आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा असतो. घरखर्च मात्र रोजचा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला हवे. पण त्यातून आधी सोसायटीचे कर्ज वळते होते. उरेल तेच आपले. म्हणून तोडीआधीचे दोन महिने हात आखडता घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

नाहीतर उसनवारी आलीच. दरमहा शेकडा 3 ने 20,000 रुपये उचलले, तर महिन्याला 600, सहा महिन्यांत 3,600 रुपये नुसतं व्याजच!

काय थांबवावे? नवे कपडे, हप्त्यावरची वस्तू, मानपानाचे आहेर, तालुक्याच्या बिनकामाच्या फेऱ्या. दूध, डाळ, औषधपाणी, शाळेची फी मात्र थांबवू नये. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा दवाखान्यात जातो.

आणि काटकसर बायकांच्याच वाट्याला नको. किराण्याबरोबर चौकातला चहा, तंबाखूही वहीत मांडा. सगळ्यांनी बसून शेवटची तारीखही ठरवा. मुदत ठाऊक असली की घर कुरकुरत नाही, आणि बिल आले की ते आधीच्या देण्यात न जाता पुढच्या लागणीला उपयोगी पडते.