गायमुखची वाट: अर्जुनापासून सालईपर्यंत

मोहाडीच्या चौंडेश्वरी देवळाजवळून वाहणारी गायमुख नदी अंबागडच्या डोंगरांतून येते. महाशिवरात्रीला हजारो भाविक त्याच डोंगरांतल्या गायमुखच्या महादेवाला जातात. जाताना दोन्ही बाजूंची झाडे नीट पाहिली, तर डोंगरात पाणी कुठे मुरते आणि कुठे टिकत नाही, हे कळू लागते.

काठावर अर्जुन, म्हणजे आपला कव्हा. त्याची मुळे भर उन्हाळ्यातही ओलीपर्यंत पोचतात. उतार सुरू झाला की साग, धावडा, तेंदू, मोह आणि ऐन. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, जाड; जमिनीलगतच्या वणव्यातून ती खोडाला वाचवते. काही ऐन तर खोडात पाणी साठवतात. मार्च २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनकर्मचाऱ्यांनी एका ऐनाची साल कापली, तेव्हा पाण्याची धार लागली. ही माहिती तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना आधीपासून होती. म्हणून मला वाटते, जंगल शिकायचे तर पुस्तकाआधी तिथल्या माणसांना विचारावे.

माथ्याकडे माती पातळ होते, खडक उघडा पडतो. इथे सालई आणि पांढऱ्या खोडाचा कुलू तग धरतात. पाण्याची उधळपट्टी नको म्हणून उन्हाळ्याआधीच ते पाने गाळतात. काहीशे फुटांच्या चढात जंगल असे बदलते, पाऊस मात्र सगळीकडे जवळपास सारखाच.

फरक जमिनीत आहे. हे डोंगर सह्याद्रीसारखे बसाल्टचे नाहीत. प्रचंड दाब आणि उष्णतेने रूपांतरित झालेले हे खडक फार जुने आहेत. भूवैज्ञानिक या खडकांना सौसर गट म्हणतात; त्यांतच चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले मँगनीज सापडते. असा खडक स्वतः पाणी शोषत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तिथून पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते.

त्या भेगांपर्यंत पाणी पोचवतो तो पालापाचोळा. तो पावसाचा मार झेलतो, पाण्याचा वेग रोखतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग पसरली, की हा पाचोळाच जळतो. मग पहिल्या पावसात माती वाहते आणि झऱ्याच्या वाट्याचे पाणी नाल्याने निघून जाते. मोहाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करा, आणि यात्रेतली चूल पाणी ओतून पूर्ण विझवूनच निघा.