मैत्रिणीचं माहेरचं नाव

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या आजोबांना कॉलेजातले सोबती विचारा. धडाधड नावं सांगतील, कोण कुठं असतो तेही. आजी मात्र घुटमळतात. त्यांना मैत्रीण आठवते ती माहेरच्या नावानं, आणि त्या नावाची बाई आता कुठंच राहत नाही!

ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहायचं, ही आपली लग्नातली रीत. आडनाव तर जाईच, पुष्कळदा पाळण्यातलं नावही जाई. कायद्याची सक्ती नाही बरं का, पण विचारतो कोण?

नाशिकचं एच. पी. टी. कॉलेज १९२४ सालचं, आमच्या चांदवडहून साठ-पासष्ट किलोमीटरवर. तिथं शिकलेल्या कितीजणी आज सत्तरीपुढं आहेत. रजिस्टरात एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. गाठ पडायची कशी?

माझ्या सासूबाईंचंच सांगते. पेपरातल्या निधनवार्ता त्या रोज न चुकता वाचतात. कॉलेजात एका बाकावर बसणारी त्यांची मैत्रीण गेली, तेव्हा तिचीही बातमी आली होती, सासरच्या नावानं. सासूबाईंनी वाचली आणि पान उलटलं. कळलं ते चार महिन्यांनी, कुणाच्याशा लग्नात, पंगतीला बसताना. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. भेटायला जावं, तर त्या घरात यांना ओळखणारं कोण होतं?

म्हणून सांगते, निधनवार्ता देताना माहेरचं नावही घाला. एका ओळीचं काम आहे. मोबाइलवर वर्गमैत्रिणींचा ग्रुप असेल तर तिथं दोन्ही नावं लिहा. आणि ती ‘शुभ सकाळ’ची फुलं जरा कमी करा हो! पन्नास गुलाबांखाली कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी दबून जाते. नातवाचे मार्क सगळ्या कळवतात. स्वतःचं दुखणं, एकटेपण कळवायला लाजतात. तेही विचारावं, शक्यतो फोन करून. घरच्या सुनेला नाहीतर लेकीला दोन मैत्रिणींचे नंबर देऊन ठेवावेत, ‘माझं काही झालं तर आधी यांना कळव’ असं सांगून. आजी हे बोलताना रागावतील कदाचित, तरी आपण विषय काढावा.

सासूबाईंनी जुना ग्रुपफोटो ट्रंकेतून काढलाय. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन-दोन नावं लिहीत असतात. सतरापैकी अकराजणी सापडल्या आहेत.