पावणेदोन तासांचं गणित

मुंबई-बंगळुरू, पावणेदोन तास! तिकिटावर हा आकडा दिसला की वाटतं, चला, घर काही लांब नाही. गेल्या पावसाळ्यात बाबांना अचानक अॅडमिट करावं लागलं, तेव्हा या आकड्याचा खरा अर्थ कळला.

दादा व्हाइटफील्डला राहतो. घर ते देवनहळ्ळीचा एअरपोर्ट, दीड तास. चेक-इन, सिक्युरिटी वगैरे, दोन तास. फ्लाइट पावणेदोन. बॅग हातात यायला अर्धा. मग रिक्षा, मेट्रो, घाटकोपरहून लोकल आणि डोंबिवली, आणखी पावणेदोन. टोटल साडेसात!

आता थोडा फंडा. दोन्ही शहरांत सरळ रेषेत साधारण ८४० किलोमीटर. जेटचा स्पीड ताशी ८०० च्या आसपास, म्हणजे खरं तर तासाभराचा मामला. पण तिकिटावर छापतात तो 'ब्लॉक टाइम'. विमान जागेवरून हललं की मीटर सुरू, उतरून पुन्हा जागेवर लागलं की बंद. रनवेवरची रांग आणि आभाळातल्या घिरट्याही त्यातच धरलेल्या. घर ते एअरपोर्ट मात्र आपलं आपण बघायचं.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतायत. डोंबिवलीकरांनो, खुश व्हा, पण शिळफाट्याचा ट्रॅफिक तिकिटावर लिहिलेला नसतो!

दादा पोहोचला तेव्हा व्हिजिटिंग अवर्स संपले होते. बाबा सकाळी भेटले, आता ठणठणीत आहेत. पण आमच्या घरात 'दोन तासांत येतो' असं आता कुणी म्हणत नाही.