हुबेहूब म्हणजे काय?

एखादी तसबीर 'हुबेहूब' आहे असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हुबेहूब म्हणजे काय, याचा विचार क्वचितच करतो. त्या विचारासाठी आज मी आपणांस मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात नेतो.

१६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, त्या या जलदुर्गात श्रीशिवछत्रपतींच्या हाताचा व पायाचा म्हणून चुन्यातील ठसा जपून ठेवलेला आहे. जवळच राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधविलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. तेथील मूर्तीस दाढी नाही, आणि मस्तकावर नावाड्याची असावी तशी टोपी आहे. उलटपक्षी, १६८० च्या सुमारास गोवळकोंड्याकडे रंगविलेली महाराजांची एक तसबीर अ‍ॅम्स्टरडॅमच्या रायक्स संग्रहालयात आहे. तीत बाकदार नाक आणि निमुळती दाढी स्पष्ट दिसते.

मग यांतील खरे कोणते? ठसा मापाने बिनचूक. पण त्यावरून माणूस ओळखता येत नाही. तसबिरीत चेहरेपट्टी आहे. मूर्तीत ती नाही. तथापि ती ज्याने घडवविली, त्या पुत्राने पित्याचे मुख पाहिलेले होते. तेव्हा हे अज्ञान नव्हे. दर्यावर्दी रयतेला आपला राजा आपल्यांतलाच दिसावा, हाच हेतू असावा असे मला वाटते.

घरची एक गोष्ट सांगतो. माझे वडील तांडेल होते. ते वारल्यावर त्यांच्या एका लहानशा छायाचित्रावरून आम्ही मोठी तसबीर करवून घेतली. चित्रकाराने सौंदर्यासाठी कपाळावरच्या आठ्या पुसल्या आणि किंचित बारीक असलेला उजवा डोळा डाव्यासारखा केला. नाक, कान, जिवणी सर्व जागच्या जागी होते. आईने क्षणभर पाहिले आणि विचारले, "हे कोण?"

उन्हाच्या झळाळीत क्षितिज न्याहाळताना वर्षानुवर्षे तो डोळा बारीक झाला होता, त्या आठ्या पडल्या होत्या. माणूस जे वारंवार करतो, ते त्याच्या मुद्रेवर कोरले जाते. चित्रकाराने मापे अवश्य घ्यावीत, त्यांवाचून तोंडवळा जमत नाही. परंतु आयुष्याने केलेले हे कोरीव काम दोष समजून पुसू नये.

ती तसबीर भिंतीवर लागलीच नाही. आईच्या उशाशी अखेरपर्यंत ते पिवळे पडलेले छायाचित्रच होते.